अक्काच्या कानावरची कुडी

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, उजवा कान मी लहानपणानंतर पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलेला नव्हता. डोक्यावरचा पदर त्या बाजूला कायम बोटभर पुढे. घरातल्या एकूण एक लग्नाच्या फोटोत अक्का आहे, पण डावीकडून.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काची लेक, म्हणजे माझी भाची, तान्ही असताना आईच्या मांडीवर बसून तिने कानातला झुबा मुठीत धरला आणि असा काही ओढला, की कानाची पाळी खालपर्यंत चिरली. टाके घालून घे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. अक्का म्हणायची, "फाटल्या भाकरीला टाके घालतंय का कुनी?" तेव्हापासून दोन्ही कान रिकामे.

झुबा ओढणाऱ्या त्या भाचीलाच यंदा नातू झाला. अक्का पणजी झाली. आमच्यात पणजीला पाटावर बसवतात, पणतू मांडीवर देतात आणि दोघांवर सोन्याची फुलं उधळतात. फुलं डाळीएवढी का असेनात, मान मोठा. तिसगावात अक्काच्या अंगणात मांडव घालायचं ठरलं, आणि अक्काने फोनवर सांगून टाकलं, "मी न्हाई पाटावर बसनार. फोटोवाला म्हनंल पदर मागं घ्या, तोंड दिसू द्या. समद्या गावाला कान दाखवू व्हय?" मग जरा थांबून, "कानात काई असतं तर बसले असते."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. नोकरी सुटल्यापासून सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दागिने करत बसतो. 'दागिने' हा शब्द माझा. बायको त्यांना 'तारा' म्हणते. "अहो, तुमच्या तारा उचला टेबलावरून, ताटं मांडायचीत." माझी पहिली पितळी कर्णफुलं तिने हौसेने घातली आणि दोन दिवसांत पाळ्या लाल होऊन भज्यासारख्या फुगल्या. कातडीला लागेल तिथे असली तार वापरायची नाही, ही अक्कल मला तेव्हा आली; पण तोवर गिऱ्हाईक गेलं होतं.

आता भोक नसलेल्या कानात घालायचं काय? आधी चापाची कुडी केली. स्वतःच्या कानाला लावून आरशासमोर बसलो, तर पाव तासात डोळ्यांत पाणी. शिवाय चाप पाळीला घट्ट धरणार, आणि मांडीवर पोर असणार. परत तेच. वैतागून चष्मा काढायला गेलो आणि हात मध्येच थांबला. इतकी वर्षं ही काडी माझ्या कानावर बसलेली आहे. भोक नाही, चाप नाही. कुणा पोराने ओढला तर चष्मा जातो, कान जात नाही.

चांदीची मऊ तार घेऊन तिसगावला गेलो. म्हटलं, "अक्का, मापाला कान दाखवावा लागेल." बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली. मग सूप बाजूला सारून तिने पदर मागे घेतला.

मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर दिसेल. पाळीचे दोन भाग झालेले होते, पाखराने चोच किंचित उघडावी तसे. बस्स, एवढंच. मी पाहत राहिलो ते त्याच्या वरचं. बाहेरची कड वरून गोल येऊन आत वळलेली, आतली दुसरी घडी, मधला तो खोलगट शिंपला. कोणी घडवलं असेल हे? माझ्या हाताला साधं वेटोळं सरळ जमत नाही. आणि मग ओळख पटली. हा आमच्या आईचा कान होता. आई जाऊन किती वर्षं झाली, आणि तिचा कान इथे, तिसगावात, पदराखाली जसाच्या तसा जपून ठेवलेला.

"काय बगतो येड्यावानी?" अक्का म्हणाली. "आई दिसली व्हय? मला रोज दिसती आरशात."

मी तार कानामागून फिरवून पाळीपुढे वाकवली, टोकाला कुडी लटकेल अशी. पडू नये म्हणून जरा आवळली.

"घट्ट नको करू."

"अगं, निसटेल."

"निसटू दे की. वढली का सुटली पायजे. ह्या खेपेला दागिना जाऊ दे, कान ऱ्हाऊ दे."

घरी येऊन तारेची टोकं कानशीने घासली. टोक गुळगुळीत झालं की नाही हे कापडावर फिरवून कळतं. धागा अडकला नाही पाहिजे. मी हाताशी आलेल्या कापडावर फिरवलं. ते बायकोच्या रेशमी साडीचं निघालं, आणि धागा अडकला. "अक्कांचा कान वाचेल," ती म्हणाली, "तुमच्या कानाचं सांगता येत नाही." मी पुन्हा घासायला बसलो.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्का पाटावर बसली. पदर खांद्यावर. पांढऱ्या केसांतून तार दिसतच नव्हती. दोन्ही पाळ्यांपुढे बारीक मोत्यांच्या कुड्या तेवढ्या डुलत होत्या. भाचीने नातवाला अक्काच्या मांडीवर ठेवलं. त्याने आधी फुलांचं ताट पाहिलं, मग फोटोवाला पाहिला, मग त्याला मोती दिसले.

मूठ वर गेली. भाची ओरडली, "आई, कान!" मी डोळे मिटले, हे कबूल करतो.

उघडले तेव्हा कुडी पोराच्या मुठीत, तारेसकट. अक्काचा हात कानावर गेला. तिने पाळी चाचपली, बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. कोरडी होती.

"घ्या!" ती हसायला लागली. "ह्याच्या आजीनं फाडून नेलं, नातवानं काढून घेतलं. पोरगं शानं निघालं."

मोती तोंडात जायच्या आत भाचीने मूठ सोडवली. कुडी हातात घेऊन ती तशीच उभी. मी पुढे झालो तर अक्काने हाताने थांबवलं. "तू न्हाई. तिला घालू दे." आणि सगळ्या गावासमोर मान कलती करून तिने उजवा कान लेकीपुढे धरला.

भाचीच्या हातून पहिल्यांदा तार केसांतच गेली. "सावकास," अक्का म्हणाली, "मी कुठं पळून चालले?" दुसऱ्या वेळी तार कानामागे बसली. तरी भाचीची बोटं पाळीवरून निघेनात. ती चिरेवरून अंगठा फिरवत होती, आणि अक्का फिरवू देत होती.

मग फुलं उधळली. एक उजव्या कानाच्या वरच्या घडीत जाऊन बसलं. फोटोवाला घरच्या लग्नांतला नेहमीचाच; तो सवयीने डावीकडे सरकायला लागला, तशी अक्का म्हणाली, "आरं बाबा, तिकडं कुठं चालला? हिकडून काढ."