भिंतीला शिवलेला कोट

शिंपीकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी टाळी वाजवून घुमारा ऐकतात. जेवतानाही टेप गळ्यात असते. समोरच्याच्या सदऱ्यावर सुरकुती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

काकूंना गाण्यासाठी त्यांनी मागची छोटी खोली रिकामी करून दिली. तिथे आवाज इतका घुमायचा की दोन दिवसांत काकूंनी गाणंच सोडलं. काकांनी भिंतींची मापं घेतली आणि जाड कापड चारही भिंतींवर चापूनचोपून बसवलं. सुरकुती औषधालाही नव्हती. घुमारा मात्र होता तिथेच.

"अहो, भिंतीला कोट शिवलात की काय?" काकू म्हणाल्या. "कापड सैल सोडा, भरपूर चुण्या पाडा. आवाज जिरायला जागा नको?"

"चाळीस वर्षं सुरकुत्या काढल्या, आता मुद्दाम पाडू?"

"पाडा. गिऱ्हाईक मी आहे."

काका बाहेर मशीनवर बसले. तीन भिंतींना चुण्यांचे पडदे लागले. चौथा शिवताना आतून काकूंचा सूर आला, मऊ आणि स्वच्छ. मशीनच्या खडखडाटात तो बुडू नये म्हणून काकांनी पाय थांबवला.

आता काकू रोज गातात, आणि चौथा पडदा सुईखाली अर्धाच पडून आहे.