तेल बदलायचा रविवार

आमच्या संसारातली बरीचशी महत्त्वाची बोलणी मी नवऱ्याच्या पायांशी केलेली आहेत. गाडीचं तेल बदलायचा रविवार आला की ते सकाळीच जुनी पँट चढवून गाडीखाली शिरायचे आणि गुडघ्याखालचे पाय तेवढे बाहेर राहायचे. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गंगापूरला करायचं की इकडं आणून, सिडकोतलं हे घर वाढवायचं की नाही, हे सगळं मी पायरीवर चहाचा कप घेऊन बसून त्या पायांना विचारलेलं आहे. उत्तर गाडीच्या पोटातून घुमत यायचं. माझं म्हणणं पटलं नसेल तर उत्तराच्या आधी उजव्या पायाचा अंगठा हलायचा.

ते वाळूजच्या एका कारखान्यात मशीनशॉपचे सुपरवायझर होते. पण तेलाचं वेड कारखान्यातलं नव्हतं, ते त्याच्याही आधीचं. गंगापूरकडच्या त्यांच्या शेतात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि सासऱ्यांचा त्या इंजिनावर जीव. तेल काळं पडलं की नाही, हे ते दोन बोटांत थेंब घेऊन, चोळून बघायचे. कचकच लागली की बदलायचं. तीच सवय मुलात उतरली. आमची पांढरी छोटी गाडी आली तेव्हा ह्यांनी हार घालून झाल्या झाल्या बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी काढली आणि अंगठा नि तर्जनीत थेंब धरून चोळत उभे राहिले. पेढे हातात घेऊन मी शेजारी ताटकळत.

सुरुवातीच्या सर्व्हिसिंगला गाडी शोरूमलाच न्यावी लागे. जालना रोडवरचं मोठं, काचेचं शोरूम. आम्ही दोघं गेलो. थंडगार खोली, सोफे, कॉफीचं मशीन, आणि मोठ्या काचेपलीकडं उचलून धरलेल्या गाड्या. हे दाराकडं निघाले तर तिथल्या माणसानं नम्रपणे अडवलं. "सर, आत कस्टमरला अलाउड नाही. सेफ्टीसाठी."

हे परत येऊन बसले. घरी आल्यावर पट्टी काढून पाहिली. तेल मधासारखं स्वच्छ होतं.

"बदललंय की," मी म्हटलं.

"बदललंय. चांगलंच बदललंय." पट्टी पुसून पुन्हा आत घालत ते म्हणाले, "पण मी नव्हतो ना तिथं."

मला तेव्हा हे हट्टीपणाचं वाटलं. दुसरा कुणी आपलं काम नीट करून देत असेल तर सुटीचा दिवस लोळून काढावा की. मी शाळेत गणित शिकवायची, रविवार मला मोलाचा वाटे. पण वॉरंटी संपल्यावर त्यांनी गाडी चढवायला भंगारातल्या लोखंडाचे दोन उतार स्वतः वेल्डिंग करून आणले, शहागंजातून तेलाचा डबा आणि फिल्टर आणला, आणि आमचे ते रविवार सुरू झाले. पैसे वाचतात असं ते लोकांना सांगायचे. मला ठाऊक होतं, पैशाचं निमित्त होतं. कारखान्यात ते वरच्यांचं ऐकायचे, खालच्यांना सांगायचे. स्वतःच्या हातांनी एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला त्यांना तिथं आता कुणी देत नव्हतं.

जुनं काळं तेल डब्यात भरून गंगापूरला जाई. दीर ते गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासायचे.

मग त्यांचा उजवा हात हलायला लागला. हात नुसता मांडीवर ठेवलेला असताना अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, हळूहळू, एकसारखा. कितीतरी दिवस मला ते दुखणं वाटलंच नाही. मला वाटायचं, सवय आहे, मनातल्या मनात तेल बघतायत. मुलगी सुटीला आली तेव्हा तिनं जेवताना विचारलं, "बाबा, हात का हलतोय?" त्यांनी हात ताटाखाली घेतला. तो तिथंही हलत राहिला आणि ताट वाजत राहिलं.

डॉक्टरांनी त्यांना खोलीतून चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि सांगितलं की हा कंपवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, जायचा नाही. परतताना गाडी त्यांनीच चालवली.

त्यानंतरच्या तेलाच्या रविवारी मी नेहमीसारखी चहा घेऊन पायरीवर बसले. पाय बाहेर होते, पण आतून बोलणं येत नव्हतं. पाना लोखंडावर घसरल्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा तोच आवाज. शेवटी काहीतरी तेल धरायच्या घमेल्यात पडलं आणि ते सरपटत बाहेर आले. कोपरापर्यंत काळे. बोल्ट निसटून गरम तेलात पडला होता आणि तो काढताना बोटं पोळली होती. मी थंड पाणी ओतलं. ते हाताकडं असं बघत होते, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि त्याला कामावरून काढायचं आहे. काम कसंबसं पुरं केलं, पाने पुसले, पत्र्याच्या पेटीत ठेवले.

"पुढच्या टायमाला शोरूमला देऊन टाकू," ते म्हणाले.

दिली. तिथले लोक फार चांगले वागले, हे मला सांगितलंच पाहिजे. काउंटरवरच्या मुलीनं यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सही काचेच्या पाटीवर बोटानं करायची होती. यांचं बोट थांबेना, सही उमटेना. ती मुलगी अगदी सहज म्हणाली, "नुसती रेघ ओढा, काका, चालतं."

त्यांनी रेघ ओढली. ती वाकडीतिकडी उमटली आणि मशीननं ती घेतलीही. मग ते सोफ्यावर बसले, काचेकडं पाठ करून.

घरी आल्यावर त्यांनी पट्टी काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडे गेले, बॉनेट बंदच. गाडीत बसले की सीटबेल्ट लावून समोर बघायचे. आधी रस्त्यात कुठल्याही गाडीच्या आवाजावरून "याचा बेल्ट गेलाय" असं सांगणारा माणूस आता खिडकीची काच वर करून बसायचा. हात हलत होता त्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. याचं वाटलं.

तेलाची वेळ पुन्हा आली तेव्हा मी भाजी निवडत होते. फार विचार केला होता असं नाही. म्हटलं, "अहो, या वेळचं तेल मी बदलते."

"तू?"

"मी. तुम्ही सांगा, मी करते."

"अगं, गाडीखाली जायचंय. पोळी लाटायची नाही."

"पोळी तुम्हाला कुठं येते? तरी खाताच ना?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. शनिवारी संध्याकाळी पाहिलं तर पत्र्याची पेटी ओट्यावर होती आणि पाने फडक्यावर ओळीनं मांडलेले होते.

सकाळी त्यांची जुनी पँट आणि शर्ट घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून मी अंगणात आले. समोरच्या वहिनी तुळशीला पाणी घालता घालता थबकल्या. गाडी उतारावर मी चढवली, ते समोरून हाताने खुणा करत होते. चाकांमागं दगड लावले. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मी पोतं पसरून पाठीवर आडवी झाले.

गाडीखाली वेगळंच जग असतं. तोंडापासून वीतभर अंतरावर तापलेलं लोखंड, पेट्रोलचा आणि वाळलेल्या चिखलाचा वास, आणि अंगण एकदम लांब गेल्यासारखं. मला भीती वाटली. सांगितलं नाही.

"दिसला का बोल्ट?"

"इथं लई बोल्ट आहेत." त्यांच्याबरोबर राहून मीही लई म्हणायला लागले होते.

"सगळ्यात खाली. चपट्या डब्यासारखं दिसतंय ना, त्याच्या बुडाला."

"दिसला."

"पाना लाव. डावीकडं फिरव."

"कुणाच्या डावीकडं?"

"डावीकडं म्हणजे डावीकडं!"

"अहो, मी उताणी पडलेय! तुमची डावी वेगळी, माझी वेगळी!"

"बत्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली आणि डावी-उजवी कळंना व्हय?"

"शिकवली ती फळ्यावर! फळा माझ्या नाकावर पडलेला नव्हता!"

मी त्यांच्यावर इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. मग हसू ऐकू आलं. आधी दबलेलं, मग खुर्ची कुरकुरेपर्यंत. किती महिन्यांनी ते हसत होते, आणि मी गाडीखाली असल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसते चपलेतले पाय दिसत होते.

"बरं ऐक," हसू आवरून ते म्हणाले. "बोल्ट म्हणजे बरणीचं झाकण समज. बरणीनं तुझ्याकडं तोंड केलंय. आता उघड."

झाकण म्हटल्यावर हाताला कळलं. जोर लावला, पाय गाडीच्या चाकाला टेकवून पुन्हा लावला, आणि बोल्ट एकदम सैल झाला. काळी धार मनगटावरून घमेल्यात पडली. गरम होतं, पण सोसण्यासारखं.

"धार कशी आहे?"

"जाड. काळीकुट्ट."

"बोटावर घे. इकडं आण."

मी तेलानं माखलेला हात गाडीखालून बाहेर काढला. त्यांनी वाकून माझ्या बोटावरचं तेल आपल्या बोटावर घेतलं. मी मान वळवून बघितलं. अंगठा तर्जनीवर फिरत होता, आणि त्या वेळी कुणी पाहिलं असतं तर त्यांना काही आजार आहे हे सांगता आलं नसतं.

"कचकच नाय," ते म्हणाले. "इंजिन निरोगी आहे."

पुढं फिल्टर काढताना दंडापासून गळ्यापर्यंत तेल उडालं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावायला त्यांनी तीनदा बजावलं. नरसाळ्यातून नवं तेल ओतलं, इंजिन सुरू केलं, गाडीखाली वाकून गळतंय का ते त्यांनी स्वतः पाहिलं. दुपारचं जेवण उशिरा झालं. भात करपला होता.

पुढच्या खेपेला आम्ही जुन्या तेलाचा डबा घेऊन गंगापूरला गेलो. सासूबाईंनी माझी नखं पाहिली.

"हे काय गं, कशानं काळी झाली?"

"गाडीचं तेल बदललं, आई."

"तू बदललंस? मग त्यो काय करीत होता?"

"ते सांगत होते."

सासूबाईंनी लेकाकडं पाहिलं. तो गोठ्याजवळ भावाशी इंजिनाबद्दल काहीतरी हातवारे करून बोलत होता. "ते मातर त्याला लई चांगलं येतं," त्या म्हणाल्या, आणि नखांसाठी लिंबाची फोड आणायला आत गेल्या.

काही वर्षं आमचं असं चाललं. मी कधी तरबेज झाले नाही. प्रत्येक वेळी काहीतरी विसरायचं आणि खुर्चीतून ओरडा यायचा. मैत्रिणी म्हणत, एवढा खटाटोप कशाला, फोन केला तर शोरूमवाले घरून गाडी नेतात. खरंच नेतात, आणि माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं काम करतात. मी मैत्रिणींना सांगायची की यांना करमत नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की मलाही ते आवडायला लागलंय. इतकी वर्षं मी त्यांच्या पायांशी बोलत होते आणि ते आतून काय बघतात हे मला कधी दिसलं नव्हतं. आता मी आत होते, आणि त्यांना बाहेरून विचारावं लागत होतं की तुला काय दिसतंय. आम्ही एकमेकांना इतकं नीट, तपशिलानं कधी काही सांगितलं नव्हतं.

आजार पुढं सरकत गेला. खुर्चीत फार वेळ बसवेना, आवाज इतका बारीक झाला की गाडीखाली ऐकू येईना. एका रविवारी मी तीन वेळा "काय म्हणालात?" विचारलं आणि चौथ्यांदा सरपटत बाहेर येऊन त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"बास झालं," ते म्हणत होते. "तुझे गुडघे बघ की. आता त्यांच्याकडं दे."

मी तेवढं एक पुरं केलं आणि पुढच्या वेळी गाडी शोरूमला दिली.

या खेपेला मी त्यांना सोफ्यावर बसू दिलं नाही. खुर्ची काचेला लावून घेतली, त्यांना काचेकडं तोंड करून बसवलं आणि शेजारी बसले. पलीकडं आमची गाडी वर उचलली गेली. निळ्या कपड्यातला माणूस तिच्याखाली ताठ उभा राहून काम करत होता. "उभ्यानं करतोय," मी म्हटलं. "बघा, किती सोपं." ते लक्ष देऊन बघत होते. काळी धार पडली तेव्हा त्यांची मान पुढं झाली.

परतताना जालना रोडला गर्दी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी काच खाली करायची खूण केली. धूर, हॉर्न, रिक्षा. मला त्यात वेगळं काहीच ऐकू येईना.

"हलकी चालतीय," ते म्हणाले.

"हो?"

"व्हय. जरा पळव."

घराकडं वळायचं होतं ते मी वळले नाही. सरळ गावाबाहेर गाडी काढली, रस्ता मोकळा लागला तशी पळवली, आणि ते डोळे मिटून, काच उघडी ठेवून ऐकत बसले.