टेम्पोभर माणसं आणि तन्वीचा घास

"इन्सिजनल हर्निया," डॉक्टर सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत म्हणाले. म्हणजे जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांपाशी पोटाचा स्नायू कमजोर होतो आणि तिथून आतडं बाहेर डोकवायला लागतं. माझे टाके सिझेरियनचे, तन्वीच्या वेळचे. "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. जाळी बसवू. आणि नंतर काही महिने जड उचलायचं नाही."

मला हसूच आलं. माझी तन्वी अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि हात, पाय, मान, जीभ यांच्यावर तिचा ताबा राहिला नाही. गादीवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, सगळीकडे ती माझ्या हातांवरून जाते. हे डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. तो सल्ला ऐकून माझे कान किटलेत. पण डॉक्टर रिपोर्ट मिटून म्हणाले, "आधी खाली आमच्या सोशल वर्कर मॅडमना भेटा. तुमच्या मुलीची सोय झाली की मगच तारीख ठरवू."

सोशल वर्कर म्हणजे गरिबांची बिलं कमी करून देणारी बाई, एवढंच मला माहीत. आमचं पनवेलजवळ कोन गावात स्वतःचं घर, तन्वीचे पप्पा तळोज्याला कंपनीत. मी जरा ताठ्यातच जाऊन बसले. रुबिना मॅडम पनवेलच्याच, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी माझी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, तन्वी तुमच्याशिवाय कुणाच्या हातून जेवते?"

"कुणाच्याच नाही."

"मग बिलकुल तिथूनच सुरुवात करू."

इतकी वर्षं मला ज्याची भीती वाटत होती, त्यावर या बाईने पहिल्याच प्रश्नात बोट ठेवलं. तन्वीला डिस्फेजिया आहे, म्हणजे गिळताना त्रास. घास घाईने दिला तर तो श्वासनलिकेत जातो. त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. त्यापायी आयसीयूच्या बाहेर मी बसलेली आहे. म्हणून तिचा घास मी कुणाच्या हाती दिलाच नव्हता.

मॅडम घरी आल्या. स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी तन्वीला कशी भरवते ते शेवटच्या चमच्यापर्यंत बघत राहिल्या. सासूबाईंनी चहा पुढे केला तर म्हणाल्या, तिचं होऊ द्या, मग घेते. चहा गार झाला. सासूबाईंना ही बाई तिथेच आवडली.

मग त्यांनी रेस्पाइट केअरचं सांगितलं. म्हणजे सांभाळणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून मूल काही दिवस दुसऱ्या शिकलेल्या माणसांकडे ठेवायचं. सुकापूरला असं एक छोटं केंद्र आहे. ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस ठेवून बघायचं, तन्वी रुळली तर पुढे जायचं. नियम एकच, सुरुवातीला घरच्यांनी भेटायला जायचं नाही.

तन्वीला तिथे सोडून आले तेव्हा मी रिक्षात ढसाढसा रडले. घरी सासूबाई तोंड फुगवून बसलेल्या. "पोरीला तयं ठेवाची न बगाला पन जावाचा नाय? लोका काय बोलतीन?"

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या आळीतलं कुणी दवाखान्यात असलं की एकटंदुकटं कुणी जात नाही. टेम्पो निघतो. न गेलेल्याची आठवण वर्षभर काढली जाते. तर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या आळीच्या झाडून सगळ्या बायका तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण आणि शहाळी घेऊन सुकापूरला उतरल्या. दारावरच्या माणसाची काय बिशाद त्यांना अडवायची!

तन्वी त्यांना बघून आनंदाने किंचाळली. बेबीकाकीला, म्हणजे माझ्या चुलतसासूला, भरून आलं. पोर वाळली म्हणून तिने कालवणात भिजवलेल्या भाकरीचा घास तन्वीच्या तोंडात घातला. तन्वीला ठसका लागला, ओठ निळे पडले. तिथल्या सिस्टरने धावत येऊन सक्शन लावलं, म्हणजे मशिनच्या नळीने घसा मोकळा केला. म्हणून वाचली.

केंद्रातल्या मोठ्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, मुलीला घेऊन जा. त्यांचं काही चुकलं नाही. मी तन्वीला घरी आणलं आणि नवऱ्याला सांगितलं, ऑपरेशन गेलं खड्ड्यात. माझ्या हातांशिवाय ही जगणार नाही हे मला माहीतच होतं.

रुबिना मॅडम आल्या. मला वाटलं, आता आमच्या अडाणीपणावर व्याख्यान होणार. त्यांनी विचारलं, "किती जणी होत्या?"

"टेम्पो भरून."

त्या चक्क हसल्या. "ताई, माझ्याकडे ज्या आया येतात ना, त्यांच्यासाठी मी एक माणूस शोधत फिरते. मिळत नाही. तुमच्याकडे टेम्पोभर आहेत आणि तुम्ही रडताय?"

माझं रडणं थांबलं, कारण मला त्यांचा रागच आला. पण बाई उठल्या आणि थेट बेबीकाकीच्या घरी गेल्या. काकी दोन दिवस चुलीपुढे गेली नव्हती. "माज्या हातान पोर मेली आसती. मी तिला आता हात पन नाय लावाची."

मॅडम तिच्या शेजारी बसल्या. "काकी, म्हणून तर पहिल्या तुम्ही शिकायचं. एकदा घाबरलेलं माणूस घाई करत नाही."

असली माणसं कुठे घडतात कोण जाणे. केंद्राच्या मोठ्या मॅडमना त्या भेटल्या, काय बोलल्या ते मला कधी सांगितलं नाही. पण तन्वीला परत घेतलं गेलं. आता आमच्या बायका दोघी-दोघी जायच्या, बघायला नाही, शिकायला. तन्वीला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धा, जेवण घट्ट पेजेसारखं. गळा हलला, गिळलं, तोंड रिकामं झालं, मगच पुढचा घास. कुणी उचलायला तरबेज झाली, कुणी अंघोळीला. बेबीकाकी तर इतकी सावकाश भरवायची की सासूबाई म्हणाल्या, "आगो, लगीन करून सासरला जायाची पोर तवर!"

माझं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात होते तोवर तन्वी सुकापूरला होती, आणि मी घरी आले तशी तीही आली. तिला आणायलाही टेम्पोच गेला, पण उतरल्या दोघीच.

तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढंच सांगते. अंग मोडेपर्यंत थांबू नका. मोठ्या दवाखान्यात सोशल वर्कर आहेत का ते विचारा, आणि मी बसले तशा ताठ्यात बसू नका. मदत मागितल्याने आईपण कमी होत नाही. हे मी आता म्हणतेय, आधी कुणी म्हटलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

घरी आल्यावर दुपारी मी पोटाला पट्टा बांधून, भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात गेले. बेबीकाकी तन्वीला भरवत होती. तन्वीने मला पाहिलं. मला वाटलं, आता तोंड फिरवेल, माझ्यासाठी हट्ट धरेल. ती माझ्याकडे बघून हसली आणि काकीकडे वळून तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच झोंबलं. आणि मग, माझ्यामागे हिचं काय होईल, हा जो प्रश्न मी अकरा वर्षं छातीवर घेऊन झोपत होते, त्याचं उत्तर माझ्या डोळ्यांदेखत घास गिळत होतं. मी तिथेच दाराला टेकून रडले. काकीने वर पाहिलंही नाही. तिचं लक्ष तन्वीच्या गळ्यावर होतं.

मी जाऊन आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवस कलला होता. तन्वीची वेणी घातलेली होती, कपडे बदललेले होते, आणि मला कुणी उठवलं नव्हतं.