सयाजीमामा आणि लोकलची गादी

आमच्या शाहूपुरीत गाद्यांबद्दल सयाजीमामांएवढं बोलणारा माणूस दुसरा नव्हता, आणि एवढं कंटाळा येईपर्यंत बोलणाराही नव्हता. हे मी प्रेमानं सांगते, पण सांगते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. शाळेतून दमून यावं, तर मामा जिन्याखालीच गाठायचे. "बाई, फोम म्हंजे काय, बसलं की संपलं! काथ्याचं तसं न्हाई." मग अर्धा तास माझी सुटका नसायची.

मामांनी बावीस वर्षं मुंबईत, लोकल गाड्यांच्या कारखान्यात काढली होती. ट्रिमिंग शॉप नावाच्या खात्यात डब्यांच्या गाद्या व्हायच्या, तिथं ते होते. मामी, म्हणजे त्यांच्या तानाबाई, तेवढी वर्षं इथंच सासूसासऱ्यांपाशी राहिल्या. विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्या मामांच्या फार लाडक्या. रुंद डबे, सागवानी चौकटी, पितळी कड्या, आणि पहिल्या वर्गात स्प्रिंगांवर काथ्या भरून वर हिरवं चामडं चढवलेल्या लांबच लांब गाद्या. "माणूस टेकला की गादी आधी त्येचा अंदाज घ्यायची, मगच खाली जायची," असं म्हणून ते तळहातानं हवा दाबून दाखवायचे. लोकलला मरणाची गर्दी असते ना, असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडं बघतच राहिले. "आमच्याकडं गाडी रिकामीच यायची की. खिडक्यांतनं ऊन पडल्यालं असायचं. लई देखणी दिसायची."

नव्या गाड्यांत फोम आला आणि मामांचं मन उडालं. एकाहत्तर साली नोकरी सोडून ते परत आले आणि उद्यमनगरात त्यांनी कुशनचं दुकान टाकलं. ट्रकच्या, जीपच्या सीटा भरायचे. येताना मोडीत निघालेल्या एका जुन्या डब्यातल्या चोवीस स्प्रिंगा रीतसर पावती करून आणल्या होत्या. त्या त्यांनी कुणाच्याही सीटला लावल्या नाहीत. दर दिवाळीला तेल लावून, पुसून परत पेटीत ठेवायचे.

चौऱ्याहत्तर साली मामी माळ्याच्या शिडीवरून पडल्या आणि कमरेचा मणका दुखावला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक मंगळवार सोडून दर दुसऱ्या मंगळवारी या, कंबर ताणून देऊ, व्यायाम शिकवू. वर्षभर नेम चुकला नाही तर चालतील, चुकला तर अंथरूण धरतील. मिरज म्हणजे पॅसेंजरनं दीड तास, आणि बाकडी लाकडाची. तेव्हा मामांनी पेटी उघडली आणि नऊ स्प्रिंगा बाहेर काढल्या.

आठ दिवस दुकान बंद ठेवून त्यांनी गादी केली. सुतळीनं स्प्रिंगा आठ बाजूंनी बांधल्या, वर गोणपाट, त्यावर पिंजलेला काथ्या, आणि शेवटी कुठून तरी पैदा केलेलं हिरवं चामडं. मग त्यांच्या खात्याचा रिवाज. गादी करणाऱ्यानं आधी स्वतः अर्धा तास बसायचं, आणि तो समाधानानं उठला तरच गादी पास. मामा तालमीत अंग कमावलेले, नव्वद किलोंचे. डोळे मिटून बसले, उठले आणि म्हणाले, "पास." मामींनी त्या चामड्यावरून हात फिरवला. त्या दिवशी मामांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पाच महिने दोघं गादी घेऊन मिरजेला जात होते, सगळं ठीक चाललं. मग एका मंगळवारी मामी म्हणाल्या, "मी न्हाई जायची आता."

"का?"

"कट्टाळा आला."

मामा ओरडले, विनवण्या केल्या, गडहिंग्लजहून मेहुण्याला, बाळासोला, बोलावून घेतलं. मामी ढिम्म हलल्या नाहीत. तीन खेपा चुकल्या. आता त्या भिंतीला धरून चालत होत्या. एका संध्याकाळी मामा जिन्यावर बसून माझ्यासमोर रडले. "बाई, तिला जगायचं न्हाई वो."

शेवटी मी मामींना म्हटलं, मला सुट्टी आहे, मामांना राहू दे घरी, माझ्याबरोबर चला. तर लगेच तयार झाल्या! मला जरा नवलच वाटलं. स्टेशनवर मामांनी स्वतःच्या हातानं बाकड्यावर गादी मांडली, मामींना बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. पुढचं वळिवडे स्टेशन येईपर्यंत मामी ओठ आवळून बसल्या होत्या. मग उठल्या, पिशवीतली वाकळ घडी करून लाकडावर टाकली आणि तिच्यावर बसल्या.

"तुमी बसा बाई गादीवर."

मी बसले. मी पहिल्यापासूनच अंगानं भरलेली. खरं सांगते, इतकी सुखाची बैठक मला आयुष्यात मिळाली नव्हती. तसं बोलूनही दाखवलं.

"तुमच्याखाली दबतीया न्हवं," मामी म्हणाल्या. "माझ्याखाली न्हाई दबत. गाडी उडाली की ती मला वर फेकतीया. मणक्यात कळ जातीया नुसती."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या चाळीस किलोही नसतील. "मग मामांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? त्येंच्या त्या गाडीची हाय न्हवं ती."

मला असा राग आला! दोघांचाही आला. एक बाई अपंग व्हायला तयार, पण नवऱ्याचं मन मोडायला नाही. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या. मी घरी पोचल्या पोचल्या मामांना सांगितलं.

मामा आधी भडकले. "बावीस वर्सं गाद्या केल्यात मी! माझी एक गादी कधी परत आली न्हाई!"

"मामा, मामींचं वजन किती?" मी विचारलं.

मामांना ते माहीत नव्हतं. गादीवर तळहात दाबून बघितला. "नव्वद किलोची केली मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी गादी बाहेरच्या सोप्यात आणली आणि शिवण उसवली. पाच स्प्रिंगा काढून टाकल्या, सुतळ्या सैल केल्या, आणि अर्धवट गादी मामींपुढं ठेवली.

"बस."

"तुमी बसा की आदी."

"न्हाई, तूच बस. कुठं टोचतंय सांग."

मामी बसल्या. "कुठं न्हाई."

"ताना, सांग की."

मी जिन्यावर वह्या तपासायला बसले होते. लाल पेन्सिल तशीच हातात राहिली. मामींनी जरा सरकून एका जागी बोट ठेवलं. "हितं." मामांनी तिथं खडूनं खूण केली. "आनि?" "हितं." आणखी एक खूण झाली. ती गादी पुढच्या मंगळवारपर्यंत झाली, मामी तिच्यावर बसून वर्षभर मिरजेला गेल्या आणि पुढं भिंत न धरता चालल्या, हे आत्ताच सांगून टाकते. कारण त्या सकाळचं उरलेलं बोलणं गादीबद्दल नव्हतं.

"आनि?" मामांनी परत विचारलं.

मामींनी पदर सावरला. "सासूबाई गेल्या तवा तुमी तिसऱ्या दिवशी आला," त्या म्हणाल्या. "तीन दिवस सगळं मी एकटीनं केलं." मग सासऱ्यांचं आजारपण निघालं, मग बाळंतपणात गेलेलं मूल. बावीस वर्षांचं एकेक त्या सांगत गेल्या, आणि मामा खडू हातात धरून खाली जमिनीवर बसले होते. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.