व्हिएतनामला पाठवलेलं निवेदन

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आंजी गावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत.

ताई नऊ वर्षं इथल्या खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. व्हिएतनाममधल्या एका भाषाशाळेला शिक्षक हवे होते. तिने अर्ज केला, वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ पाठवला, तो त्यांना आवडला. मुलाखत फोनवरच. समोरच्या माणसाने विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? ताई म्हणाली, मराठी. तो फार नम्रपणे म्हणाला, आमच्या पालकांना जन्मापासून इंग्रजी बोलणारेच शिक्षक लागतात. संपलं. दारात लाकडी नंदी घेऊन पोरं उभी होती. ताईने त्यांना बोजारा म्हणून बिस्किटाचे पुडे दिले, एकेकाच्या बैलाचं कौतुक केलं आणि आत जाऊन बसली.

आवडलेला धडा एका प्रश्नात नावडता कसा झाला? विचारायची आमच्याकडे एकच रीत. नळ कोरडा असो की बस बंद, निवेदन द्यायचं. विषय, महोदय, तीन मागण्या, खाली सह्या. मी तेच केलं, इंग्रजीत, आणि सह्यांसाठी ताईच्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडे, शेजाऱ्यांकडे दारोदार गेले.

भाजी पिकवणाऱ्या शेजारच्या काकूंनी वांगी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"तिथल्या पोरायले इंग्रजी काऊन पाह्यजे? त्यायले त्यायची भाषा नाई का?"

"आहे ना काकू. नोकरीसाठी पाह्यजे."

"म्हंजे आपल्यावानीच." त्यांनी हात पुसून अंगठा पुढे केला. "पन तहसीलदाराले प्रत देजो. नाईतर दाबून ठेवते हे लोक."

मी खाली तेही लिहिलं. प्रत माहितीस्तव, तहसीलदार.

ताईला कळलं तेव्हा निवेदन पोचलं होतं. "नोकरीच्या अर्जाले अंगठे लावते का कोनी?"

"नोकरी तर तुले तशीबी नाई भेटली."

"मंग आता सात जन्म नाई भेटत."

दहा दिवसांनी त्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं उत्तर आलं. निवेदन त्यांच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी वाचलं होतं. नियम बदललेला नाही, हे तिने सरळ लिहिलं. तीही खेड्यातली. तिला फक्त व्याकरण शिकवू देतात. संभाषणाचा तास परदेशी माणसाला, मग त्याने जन्मात खडू धरलेला नसला तरी. पुढे तिचे प्रश्न होते. अंगठे कोणाचे? तहसीलदार म्हणजे कोण? व्हिडिओत मागच्या बाकावरची मुलंही बोलतात, ते तुमची बहीण कसं जमवते? आणि तुमच्या गावात इंग्रजीचा शिक्षक कसा निवडतात?

मागच्या बाकांबद्दल ताईने दोन पानं लिहिली. शेवटचा प्रश्न माझ्याकडे आला. ताईच्या शाळेच्या फाटकावर लावलेली यंदाची जाहिरात मीच टाइप करून दिली होती, म्हणून ती उघडली. 'इंग्रजी शिक्षक पाहिजे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनाच प्राधान्य.' ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. नऊ वर्षांपूर्वी ही ओळ असती तर तिला आंजीतही कोणी उभं केलं नसतं. आणि ती टाइप करताना, सगळ्या अन्यायांवर निवेदनं देणाऱ्या मला, काहीच खटकलं नव्हतं.

त्या शिक्षिकेला मी खरं ते कळवलं. मग दुसरं निवेदन घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले.

"पोरी, हे तर तूच बनवलं होतं."

"हाव सर. आता मीच खोडाले आली."

संस्थाचालकांना विचारावं लागेल, म्हणाले. ओळ अजून फाटकावर आहे. ताईने व्हिएतनाममधल्याच दुसऱ्या शहरात अर्ज केलाय. पहिल्याच वाक्यात जन्मगाव आणि घरची भाषा लिहिलीय.

आता तुम्ही. उद्या सकाळी तुमच्या गावच्या शाळेच्या फाटकावरची जाहिरात वाचा. अशी ओळ दिसली तर आत जा आणि सांगा, उमेदवाराला वर्गात उभं करा, तुम्ही मागच्या बाकावर बसा, ऐका, मग ठरवा. ओळ तुमच्यासमोर खोडली जाईपर्यंत तिथून हलू नका.