आक्काला आणायला गेलो होतो

आम्ही आईला अव्वा म्हणायचो. तिचं माहेर कानडी मुलखाला लागून होतं, तिथली हाक आमच्या घरी राहून गेली. गाव आमचं येरमाळ्याजवळ, वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, भुसाराचं दुकान. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोट घ्यायची नाही. अडचणीच्या दिवसांतही तिची पूजा चुकली नाही. शेजारणी नवल करायच्या, तर म्हणायची, "आमच्यात देवाला बाईचा विटाळ व्हत न्हाय."

माझी थोरली बहीण, आक्का, कळंबच्या पुढं एका खेड्यात दिली होती. पहिली मुलगी झाली तेव्हा ती कशीबशी निभावली. दुसरीच्या वेळी माहेरी बाळंत झाली आणि अंथरुणालाच खिळली. उंबऱ्यापर्यंत गेली तरी धाप लागायची, पाय सुजायचे. अव्वानं तिला बैलगाडीत निजवून बार्शीला नेलं. तान्ह्या भाचीला मांडीवर घेऊन मी शेजारी बसले होते. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. वाटेत निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकातीच्या शिपायानं बाळाच्या दुपट्यांचं गाठोडंसुद्धा सोडून पाहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आक्काला तपासलं आणि अव्वाला बाहेर बोलावलं. "हिचं काळीज अधू आहे. आता मूल नको. आणि दिवस राहिलेच, तर पोट वाढायची वाट पाहू नका. लगेच आणा, मी तिला मोकळी करीन. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पुढच्या सोमवारी आमच्या घराण्याचे गुरू, जंगम स्वामी, भिक्षेला आले. म्हातारे होते, आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात त्यांनीच लिंग बांधलेलं. अव्वानं त्यांना पाटावर बसवलं आणि सरळ विचारलं, "स्वामी, डॉक्टरीण म्हणती तसं करायची पाळी आली, तर पाप लागंल का?"

"मूल शिव देतो, बाई."

"देतो की. पण ही माझी लेक तान्ही असताना हिच्या गळ्यात तुमीच लिंग बांधलं. तिचं तिच्या गळ्यात, नवऱ्याचं नवऱ्याच्या. देव जर ज्याचा त्याला दिलाय, तर तिच्या अंगाचं तिला न इचारता दुसऱ्यानं कसं ठरवावं?"

स्वामींनी विभूतीच्या बटव्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "पाप लागलं तर माझ्या माथ्यावर घाल. लेक वाचीव."

अव्वानं आक्काला सासरी धाडलंच नाही. तिची थोरली मुलगी तिकडंच होती. धाकटीचं अंगावरचं दूध सुटल्यावर जावई आला आणि त्या पोरीलाही घेऊन गेला. आक्का ताटावर बसायची आणि घास हातात धरून राहायची. शेवटी म्हणाली, "अव्वा, लेकी तिकडं हायत. म्या जाते." ती जाताना अव्वानं जावयाला बाजूला घेऊन डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. त्यानं मान खाली घालून हो म्हटलं.

नागपंचमीच्या सुमारास त्या गावच्या कासारणीकडून कळलं, आक्काला दिवस गेलेत. अव्वानं गाडी जुंपायला लावली, स्वामींना बरोबर घेतलं आणि मलाही.

आक्का माजघरात भिंतीला टेकून बसली होती. आडवं पडलं की तिला श्वास पुरत नव्हता. अव्वानं सगळ्यांसमोर तिलाच विचारलं, "तुझ्या मनात काय हाय?"

"मला जगायचंय, अव्वा. ह्या दोघींसाठी."

तिची सासू म्हणाली, "पोटातला जीव घ्यायला निघालाव, अन् वर स्वामींना संगं आणलाव?"

स्वामी म्हणाले, "म्या हिचा जीव वाचवायला आलोय."

"दोन पोरींवर आता कुठं आशा लागली, विहीणबाई. देवाचं देणं लोटायचं नसतं. पहिल्या दोन टायमाला निभावली, अवंदाबी निभावंल."

अव्वा जावयापुढं जाऊन उभी राहिली. "तुमी बोला."

तो म्हणाला, "मुलखात दंगा हाय. रस्ते धड न्हाईत."

"म्या पाठीवर नेते तिला."

त्यानं आईकडं पाहिलं. "आई म्हणंल तसं," एवढंच बोलला आणि गोठ्याकडं निघून गेला. आक्का उठून आमच्या मागं येऊ लागली, तर सासूनं दोन्ही मुलींना कवेत धरलं. आक्का दाराच्या चौकटीला धरून तिथंच थांबली. आमची गाडी वळली तरी ती तशीच उभी होती.

घरी येऊन अव्वानं आप्पांना विनवलं, तुमी चला, तुमचं ऐकतील. आप्पा म्हणाले, "दिलेली लेक हाय. समाजात तोंड दाखवायचं हाय मला." ते दुकानात जाऊन बसले.

आक्का आठव्या महिन्यात गेली. मूल मुलगाच होता, तोही जगला नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून मूठमाती देतात. स्वामी खड्ड्यात उतरले. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं असतं, पण आक्काचा हात पुन्हा पुन्हा सुटत होता. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती. अव्वा सगळ्यांना सारून खाली उतरली आणि तिचा हात आपल्या हातात धरून बसली. माती लोटायची वेळ आली तेव्हा स्वामींनीच तिला दंडाला धरून वर आणलं.

येताना अव्वानं दोन्ही मुली गाडीत घातल्या. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही. आप्पा काही बोलू लागले तर म्हणाली, "तुमी दुकान सांभाळा." त्यानंतर ती त्यांना जेवायला वाढायची, पण आपण होऊन बोलली नाही. आक्काच्या सासरच्या गावात लोकांनी स्वामींना भिक्षा घालायचं बंद केलं. तरी ते दर सोमवारी त्या दारांपुढं उभे राहून यायचे. अव्वाची पूजा चालूच राहिली. पुढं अडलेल्या बायका आडून आडून तिच्याकडं यायच्या, ती त्यांना बार्शीची वाट सांगायची, कधी सोबतही जायची. गावात तिला पापीण म्हणणारे होते. तिनं ते मनावर घेतलं नाही.

धाकट्या भाचीला तिची आई आठवत नव्हती. ती कधीमधी विचारायची, "माझी आई कशी दिसायची?" अव्वा माझ्याकडं बोट दाखवायची आणि उठून परसात जायची.