सुंदराबाईच्या गळ्यातली अक्का

वलगावात कुणाला काही मोडकं-तोडकं हवं असलं की तो आमच्या जानरावदादाच्या घरी जायचा. जानराव माझा चुलत भाऊ, माझ्याहून बराच मोठा. अमरावतीला कापूस पिंजायच्या जीनमध्ये कामाला होता. येताना रोज काहीतरी उचलून आणायचा. तुटका पट्टा, फुटका कंदील, छत्रीच्या काड्या, बिनदांड्याची कुऱ्हाड. का आणलं विचारलं तर म्हणायचा, "राहू दे, कामी येईन." एकदा खुशालराव खाटेचा पाय मागायला आले. दादाने मोठ्या आनंदाने तीन पाय काढून दिले, तिन्ही वेगवेगळ्या उंचीचे! खुशालरावांनी त्यातला बरा पाहून बसवला. पुढे त्यांची खाट जन्मभर लंगडली आणि ते झोपेत नेहमी एकाच अंगावर घसरायचे.

पण मला सांगायचंय ते जानरावदादाचं नाही, त्याच्या बायकोचं. सुंदरावयनीचं.

सुंदरा तेल्हाऱ्याची. तिची थोरली बहीण पार्बता, ही जानरावची पहिली बायको. पार्बतावयनीला मुलगा झाला, गोवर्धन. पोर रांगायला लागलं आणि ती हिवतापात गेली. पोराला मावशीसारखी माया कोण लावणार, असं म्हणून घरच्यांनी चौदा वर्षांच्या सुंदराला त्याच घरात दिली. बहिणीच्या बाजेवर ती झोपली, बहिणीच्या चुलीवर तिने भाकरी थापल्या, बहिणीचं लेकरू तिने मांडीवर घेतलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. झालं नाही याचं तिला कधी काही वाटल्याचं मला दिसलं नाही.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. दुसरी बायको आली की पहिलीचा टाक करायचा. टाक म्हणजे चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईचं चित्र उठवलेलं. तो दुसरीने गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेल्या सवतीची नजर लागत नाही म्हणे. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, कुंकू आधी टाकाला लावायचं, पहिला घास टाकाच्या तोंडाशी न्यायचा. इतर बाया हे सारं भीतीपोटी करायच्या. सुंदरावयनीला कशाची भीती! टाकातली ती तर तिची थोरली बहीण, तिची अक्का होती. वयनी चुलीशी बसून तिच्याशी खुशाल बोलायची. "अक्का, आज दाय करपली वं. तुह्या नवऱ्याले सांगू नको." शाळेत निघालेल्या गोवर्धनला हाक मारून जवळ घ्यायची, टाक त्याच्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, "मायच्या पाया पड, मंग जाय."

छप्पन साली दसऱ्याला आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसून नागपूरला गेलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जानरावदादा दोन डब्यांच्या मधल्या जोडावर बसला आणि तिथेही त्याला एक लोखंडी खिळा सापडला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, प्रतिज्ञा म्हटल्या, पांढऱ्या लुगड्यांचा समुद्र पाहिला. तिथे वयनीने आणखी एक गोष्ट पाहिली. तिच्याच वयाची एक बाई, आपल्यासारखीच मजुरीची, हातात कागद घेऊन दहा बायांना वाचून दाखवत होती.

परतताना वयनी मला म्हणाली, "भाऊजी, मी आता तीन कामं करनार. घर रिकामं करनार. त्या रिकाम्या घरात आळीतल्या बायाईले बसवनार. अन त्याईच्यासंगं अक्षर शिकनार."

"दादा घर रिकामं करू देईन?"

"त्याईले इचारते कोन!"

आमच्या आळीत घरोघरचे देव निघाले. परड्या, कवड्यांच्या माळा, शेंदूर फासलेले गोटे, सारं पेढी नदीत गेलं. बाकीचे तिथेच थांबले. वयनी थांबली नाही. ती म्हणाली, देव गेले तर त्याईचं बिऱ्हाड काहून ठेवायचं? देवांच्या नावाने फळीवर चढलेली मडकी गेली, नवसाची फाटकी लुगडी गेली. मग फुटक्या कणग्या निघाल्या, उंदरांनी कुरतडलेल्या वाकळी निघाल्या, सासऱ्याची घुंगराची काठी निघाली. ती काठी घेऊन त्यांनी जन्मभर गावचा सांगावा धावत पोचवला होता. वयनीने ती स्वतःच्या हाताने चुलीत घातली आणि तिच्यावर भाकरी भाजली.

जानरावदादाचा ढीग मात्र काही हलेना. वयनी पुढच्या दाराने वस्तू बाहेर टाकायची, दादा मागच्या दाराने आत आणायचा. एक फुटका कंदील तर मी चार वेळा घराला प्रदक्षिणा घालताना पाहिला.

"अवं, कामी येईन थो."

"तुमी कामी या आधी. भित चोपडा."

थंडी पडेपर्यंत पुढची खोली मोकळी झाली. जिथे देव्हारा होता तिथली भिंत वयनीने पांढऱ्या मातीने सारवली आणि तिच्यावर फळा टांगला. गोवर्धन अमरावतीला वसतिगृहात राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होता. दर रविवारी दुपारी येऊन तो बायांना शिकवायचा. पोरगा हुशार, आणि बोलण्यात मोठा करारी. शिकवून झालं की घरोघर जायचा आणि कुणी कोनाड्यात काही लपवलं असेल तर काढायला लावायचा.

आमच्या आळीच्या टोकाला गंगूबाई राहायची. म्हातारी, एकटी. तिचा कर्ता मुलगा पुंजा विहीर खणताना दगडाखाली गेला होता. घरातलं कुणीही गेलं तरी टाक करत; पुंजाचाही होता, तो तिने पिठाच्या डब्यात ठेवला होता. गोवर्धनने तिला समजावलं. श्राद्धपक्ष करणार नाही अशी आपण प्रतिज्ञा घेतली, मेलेल्याला चांदीत कोंडून ठेवायचं नाही, वगैरे. म्हातारी रडली. म्हणाली, "तुमच्या घरचे समदे गेले का रे बाबू?"

"आमच्या घरात एक टाक उरला नाई, आजी."

आणि पोरगा खोटं बोलत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. मांडीवर होता तेव्हापासून तो टाक त्याने आईच्या गळ्यात पाहिला होता. त्याच्याशी खेळत तो मोठा झाला. आईच्या गालावरचा तीळ कुणी घरातल्या वस्तूंत धरतो का? तसंच त्याचं झालं. गंगूबाईने पीठ झटकून पुंजा त्याच्या हातावर ठेवला आणि त्याने तो पेढीत नेऊन सोडला.

पुढच्या रविवारी गंगूबाई पहिल्यांदाच वर्गात आली. शिकायला नाही, बसायला. मी ओसरीत दोर वळत होतो. खोलीत बाया पाट्यांवर वाकून 'ब' काढत होत्या. वयनीही वाकली. पदरातून टाक निसटला आणि पाटीवर टक्कन वाजला.

गंगूबाईने तिकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोवर्धन, माह्या पुंजाले तू पेढीत टाकलं. थे तुह्या मायच्या गळ्यात काय हाये?"

बायांचे हात थांबले. गोवर्धनने वळून पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला पोराची दयाच आली.

"आई, काढ थे."

"थो देव नाई, बाबू."

"तरी काढ. म्या आजीले काय सांगतलं, मालूम हाये तुले?"

"अरे, थे तुही माय हाये."

"माही माय तू हायेस."

दुसऱ्या कुणा सावत्र आईने हे ऐकून जन्म सार्थक झाला म्हटलं असतं. वयनी थोबाडीत बसल्यासारखी बसून राहिली. वसतिगृहात जाईपर्यंत ती रोज सकाळी त्या पोराच्या कपाळाला त्याची आई लावत होती.

"मंग हे कोन व्हय?" ती हळूच म्हणाली. "हिले या जगात कोनीच नाई?"

 गोवर्धन खडू हातात फिरवत राहिला. गंगूबाईच पाघळली. "राहू दे सुंदरा. माह्या जिभेले हाड नाई. ठेव तू. बाई मानसाच्या गळ्यात काय हाये थे कोन पायते!"

वयनी उठली. "नाई, मावशी. तुह्या पुंजाले एक न्याव अन माह्या अक्काले दुसरा, असं नाई होत. चाल माह्यासंगं."

गोवर्धन पुढे झाला. "मी येतो."

"तू बायाईचा धडा घे," ती म्हणाली. "इथं थांब."

दोघी निघाल्या. मी दोर टाकून मागोमाग गेलो, कारण म्हातारीला उतार झेपत नव्हता. पेढीला पाणी थोडं होतं, पण डोहाजवळ बऱ्यापैकी होतं. वयनीने काळ्या मण्यांना टाक बांधलेला दोरा दाताने तोडला. टाक पदराने पुसला. झिजून झिजून त्यावरच्या बाईचे नाकडोळे कधीच गेले होते. डोक्यावरचा पदर तेवढा कळत होता.

तिचा हात काही उघडेना. ती पाण्यात गुडघाभर उभी राहिली, थंडीने पाय निळे पडले.

गंगूबाईने काठावरून विचारलं, "पुंजाले कुठं सोडलं होतं, मोतीराम?"

मी तेव्हा गोवर्धनबरोबर होतो. मी जागा दाखवली.

"मंग तिथंच सोड, सुंदरा," म्हातारी म्हणाली. "माहा पुंजा एकटाच हाये. दोघाईले एकमेकाची सोबत होईन."

वयनी दोन पावलं पुढे गेली आणि तिने हात पाण्याखाली नेऊन उघडला. टाकला नाही, ठेवला. मग दोघी काठावर एकमेकींना धरून बसल्या. मी, बोलून बोलून लोकांचे कान किटवणारा माणूस, पाठ करून उभा राहिलो.

घरी येऊन तिने पाटीवरची 'ब'ची ओळ पुरी केली. संध्याकाळी जानरावदादा जीनमधून आला. त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं. पार्बता त्याचीही बायको होती, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतलं सगळं भंगार त्याने आपल्या हाताने बाहेर काढलं. वयनी म्हणाली, "राहू द्या थोडं, कामी येईन." तो म्हणाला, "नाई येत."

वयनीची तिन्ही कामं झाली. घर इतकं मोकळं झालं की हाक मारली तर घुमायची. आळीतल्या बाया सही करायला शिकल्या. वयनी चौथीची परीक्षा पास झाली आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागली. सगळे तिचं कौतुक करायचे. पण ती जेवायला बसली की पहिला घास हातात धरून थांबायची. हात गळ्याशी जायचा, काही नसायचं, मग घास पुन्हा ताटात. चुलीशी बोलणंही बंद पडलं. हळूहळू अंगावरचं मांस गेलं. मी एकदा म्हटलं, चुकलं का वयनी तुमचं? तर डोळे मोठे करून म्हणाली, "चुकलं कायचं? बराबरच केलं. बराबर केलं म्हनून काय दुखू नाई?"

गोवर्धनला अकोल्याला सरकारी नोकरी लागली. जानरावदादा गेल्यावर त्याने आईला तिकडे नेलं. चौसष्ट साली मी कापूस घेऊन अकोल्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या क्वार्टरवर गेलो. वयनी आजारी होती. आमची ती शेवटची भेट.

क्वार्टर स्वच्छ. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, एक कॅलेंडर, बाकी काही नाही. वयनी बाजेवर उठून बसली. मी ताटात वरणात भाकरी कुस्करून दिली. ती खाईना.

"भाऊजी, तुमी अक्काले पायलं होतं ना?"

"पायलं होतं. मी लहान होतो."

"मले तिचं तोंड नाई आठवत आता. टाक होता तवा वाटे, आठवते. तुमच्याजवळ एवढ्या गोष्टी असतात. तिची सांगा एखादी."

मी सांगितली. पार्बतावयनीचा पदर एकदा शेळीने तोंडात धरला. ती ओढते, शेळी ओढते, अशा दोघी आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, आणि शेवटी हसून हसून पार्बतावयनीच धुळीत बसली. सुंदरावयनी हसली. म्हणाली, "आनखी."

दुसरी सांगितली. पार्बतावयनी कोंबड्यांना शिट्टी वाजवून बोलवायची. बाईमाणसाने शिट्टी वाजवली म्हणून म्हाताऱ्या ओरडायच्या, आणि ती पदराआड तोंड लपवून पुन्हा वाजवायची.

"थे शिट्टी तेल्हाऱ्याची!" वयनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले बी शिकवत होती. मले आलीच नाई. आनखी सांगा."

मी आठवत राहिलो. खूप आठवलं. पार्बतावयनीच्या माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या.

"मंग शेळीचीच सांगा पुन्हा."

मी पुन्हा सांगू लागलो. सांगता सांगता शेळीला बोकडाएवढी शिंगं फुटली, तेव्हा वयनीने मला अडवलं. "मघाशी शेळी होती. आता बोकड कसा झाला?"

तोवर गोवर्धन ऑफिसातून आला होता आणि बूट न काढता दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"कोन शिट्टी वाजवत होती, काका?" त्याने विचारलं.

मी वयनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुही माय."

 तो खाली जमिनीवर, बाजेच्या पायाशी बसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांगा ना, काका. पयल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितली. वयनीने त्याचा हात धरून ठेवला होता. ताट तसंच बाजूला राहिलं.